वानोळा समोरच्या टेबलावर

आमच्या कॉलेजच्या लेखन कक्षात दोन टेबलं आहेत. खिडकीजवळचं माझं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मधल्या काळात ही गोष्ट मी सोडून सगळेच विसरले होते.

कक्ष म्हणजे फार काही नाही. मंगरूळपीरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या मागे एक खोली आहे. तिथे पूर्वी क्रीडा विभागाच्या फाटक्या जाळ्या आणि मोडके अडथळे पडलेले असायचे. नव्या शैक्षणिक धोरणाने बी.ए.च्या पोरांनाही प्रकल्प लिहायला लावले आणि पहिल्याच वर्षी सगळ्यांचे प्रकल्प एकाच वाक्याने सुरू झाले: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' विषय आठवडी बाजार असो, विहिरीचं पाणी असो की गावातली अंगणवाडी, आधी भारत कृषिप्रधान व्हायचा आणि मग विषय यायचा. अर्धे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आलेले, उरलेले मोबाइलने लिहून दिलेले. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की पोरांना लिहायला कोणीतरी शिकवलं पाहिजे आणि तुम्ही मराठीच्या आहात. मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे नाही म्हणायची सोय नसलेली. पण मला नाही म्हणायचंच नव्हतं. जाळ्या बाहेर काढल्या, खोली झाडून घेतली, दारावर माझ्या अक्षरात 'लेखन कक्ष' असा कागद चिकटवला आणि दुपारच्या सुट्टीनंतर तिथे बसायला लागले.

माझी पद्धत साधी होती. पेन मी हातात घ्यायचं नाही. पोराने लिहून आणलेलं त्यानेच मोठ्याने वाचायचं आणि वाक्य संपलं की मी आमच्या वऱ्हाडीत एकच विचारायचं: काहून? म्हणजे का? आमच्या गावच्या विहिरीचं पाणी खारं आहे. काहून? म्हणून बाया शेजारच्या मळ्यात पाण्याला जातात. त्याच मळ्यात काहून? पोरं घामाघूम व्हायची. मोबाइलने लिहिलेला प्रकल्प दुसऱ्या-तिसऱ्या 'काहून'ला आडवा व्हायचा, कारण लिहिणाऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक नसायचं. पोरं माझ्या पाठीमागे मला 'काहून मॅडम' म्हणायची. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ते नाव आवडायचं.

ती मुलगी पहिल्याच वर्षी आली. आसेगावकडची. घरी विहिरीवरचं माळवं: मेथी, पालक, वांगी, भेंडी आणि सांबार. बाहेरचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. सकाळी बापाबरोबर जीपमध्ये जुड्या घेऊन ती मंगरूळपीरला यायची, बाजारात दुकान मांडून द्यायची आणि तिथूनच कॉलेजात. तिच्या ओढणीला लसणाच्या पातीचा वास असायचा. तिने आणलेला प्रकल्प भाजीबाजारावर होता आणि सुरुवात अर्थातच कृषिप्रधान भारताने. मी विचारलं, काहून? तिने शांतपणे सांगितलं की ते मोबाइलला विचारा. मला हसू आलं. तिला मी प्रकल्पासकट परत पाठवलं.

आठवड्याने ती आली तेव्हा हातात दीड पान होतं. बाजारात कोण कुठे बसतं आणि कोणाला कोणाच्या शेजारी बसायचं नसतं, एवढंच त्यात होतं. वाचताना ती मध्येच थांबायची, मी विचारायच्या आधीच स्वतःला 'काहून' विचारायची आणि उत्तर द्यायची. मला त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते. शिकवणाऱ्याच्या आयुष्यात असं पोर क्वचित येतं आणि आलं की माणूस कंजूष होतो. ती माझी होती. मी शोधलेली, मी घासलेली.

त्या हिवाळ्यात तिने पिशवी आणून टेबलावर ठेवली. कोवळी मेथी, मुळांची माती अजून ओली. म्हणाली, "पयल्या तोडनीची हाये मॅडम. मायनं वानोळा धाडला."

आमच्याकडे पहिल्या तोडणीचं माळवं बाजारात जायच्या आधी चार घरी जातं. त्याला वानोळा म्हणतात. तो कोणी मागत नाही, मागायचा नसतोच. द्यायचा कोणाला ते देणाऱ्याच्या मनावर असतं आणि म्हणूनच ज्याच्या घरी येतो त्याची मान गल्लीत थोडी वर होते. पिशवी मात्र रिकामी परत करायची नाही. मी तिच्यात चिवड्याचा पुडा घालून दिला. घरी नवऱ्याला दाखवून दाखवून मेथी निवडली. मग सांबार आला, वांगी आली, चवळीच्या कोवळ्या शेंगा आल्या. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत येत राहिलं, मग कमी झालं. मी फारसं मनावर घेतलं नाही. परीक्षा होत्या, तिच्या धाकट्या भावाचं दुखणं होतं, आणि ती कक्षात रोज येतच होती. माझ्या डब्यातली चटणी न विचारता घ्यायची, माझ्या बाटलीतून पाणी प्यायची, पंखा माझ्यावरून स्वतःकडे वळवायची.

तिसऱ्या वर्षी रिसोडच्या मॅडम आल्या.

त्या अर्थशास्त्राच्या. कायमस्वरूपी, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पुण्यात शिकलेल्या. प्राचार्यांना वाटलं, एकट्या बाईवर भार पडतो. मला कोणी विचारलं नव्हतं की भार पडतो का. एके दिवशी दुपारी मी खोली उघडली तर भिंतीला लागून दुसरं टेबल. माझ्यापेक्षा चांगलं, सनमायका न उखडलेलं.

त्यांची पद्धत पाहून मी आधी गालातल्या गालात हसले. त्या कागद पालथा ठेवायला सांगायच्या. पोराच्या समोर न बसता शेजारी बसायच्या. 'सांग' म्हणायच्या आणि पोर थांबलं की 'मग?' एवढंच. पोर पुढे सांगायचं. 'मग?' पोर आणखी सांगायचं. मोबाइलवर ते सगळं टिपून घ्यायच्या, पोराला कानाला लावून द्यायच्या आणि म्हणायच्या की हे आता उतरव. बस. ना घाम, ना धाक. मला वाटलं, पंधरा दिवसांत पोरं कंटाळतील.

पंधरा दिवसांत त्यांच्या टेबलापाशी खुर्च्या कमी पडायला लागल्या. मग एक पोरगा माझ्यापाशी आला आणि अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, हे खुर्ची रिकामीच हाये न? घेऊन जाऊ?"

मी घेऊन जा म्हटलं. काय म्हणणार? एकेक करून माझ्या बाजूच्या खुर्च्या तिकडे गेल्या. माझ्यापाशी उरली ती मी बसलेली. मी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि कान तिकडे. तिकडून हसणं ऐकू यायचं. लेखन कक्षात हसायचं काय असतं ते मला अजून समजलेलं नाही. आणि पोरं त्यांना ताई म्हणायची. मला वर्षानुवर्षं मॅडम, आणि काल आलेल्या बाईला ताई. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, मी काय दिसायला म्हातारी झाले का? तो जेवता जेवता म्हणाला की दिसण्याचं नाही, विचारण्याचं आहे. तू पोलिसासारखी विचारतेस. त्या दिवशी मी त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

तरी मला एक खात्री होती. बाकीची पोरं गेली तर जाऊ देत, ती जाणार नाही. हिवाळ्यात एका दुपारी मी तासावरून जरा उशिरा आले तर ती त्या टेबलापाशी बसलेली. कागद पालथा. रिसोडच्या मॅडम गालाला हात लावून ऐकत होत्या. आणि टेबलावर मेथी. कोवळी, मुळांना ओली माती.

मला आत काहीतरी चावलं. चावलं हाच शब्द बरोबर आहे. मी माझ्या टेबलावर जाऊन बसले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पिशवीतून पेन काढून काहीतरी लिहायचं सोंग केलं. ती माझ्याकडे पाहून हसली, नेहमीसारखी, आणि उठून माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली. तोंड पुसून परत तिकडे जाऊन बसली. पाणी माझं आणि मेथी त्यांची. मी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुले मेथी पाह्यजे त बजारात ढिगानं हाये. उद्या आनतो." काही माणसांना काही गोष्टी कधीच कळत नाहीत.

ती तिथे काय लिहीत होती ते मला दुसऱ्यांकडून कळलं. पुण्यातल्या एका संस्थेत ग्रामीण विकासाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. प्रवेशासाठी मार्कांबरोबर दोन पानांचं निवेदन लागायचं, हा अभ्यासक्रम मला का करायचा आहे ते सांगणारं. पोरं त्याला एसओपी म्हणतात. आमच्या कॉलेजातून तिथे याआधी कोणी गेलं नव्हतं. घरी तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं की लागला नंबर तर जा, नाही लागला तर पुढच्या उन्हाळ्यात लग्नाचं पाहू. म्हणजे त्या दोन पानांवर तिचं सगळं होतं. आणि ती दोन पानं माझ्या टेबलावर नव्हती.

मी वाट पाहिली. रोज वाटायचं, आज येईल आणि म्हणेल, मॅडम, हे ऐका. ती यायची, डब्यातली चटणी खायची, भावाच्या खोड्या सांगायची, बस उशिरा आली ते सांगायची आणि तिकडे जायची. एसओपीचं अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. वानोळ्यासारखंच आहे ते, मागायचं नसतं. पण मी कान देऊन ऐकायचे. 'मग?' 'मग?' त्या 'मग'ने मला झोपेतही दचकायला लावलं असतं.

निवेदन पाठवायची मुदत जवळ आली तेव्हा रिसोडच्या मॅडमच उठून माझ्याकडे आल्या. हातात दोन पानं. अगदी आपुलकीने म्हणाल्या की फार सुंदर झालंय, पण पाठवण्याआधी तुम्ही एकदा नजर टाकलीत तर बरं होईल. 'नजर टाका' म्हणाल्या. मी तीन वर्षं घासलेल्या पोरीच्या लिहिण्यावर मी नजर टाकायची.

मी घेतली पानं आणि वाचायला लागले. आजवर मी कोणाचं लिहिणं तसं वाचलेलं नाही. प्रत्येक ओळीत मी चूक शोधत होते, खुन्नस धरून. चूक असू दे, असं मनात म्हणत वाचत होते. आणि लिहिणं चांगलं होतं. त्याचाच राग येत होता. विहीर होती, जीपमधल्या जुड्या होत्या, दुपार चढत गेली की भाव कसा उतरतो ते होतं. उरलेला सांबार बाप कसा बैलांपुढे टाकतो आणि घरी परतताना आईकडे कसा पाहत नाही, ते वाचताना मी चूक शोधायचं विसरले. मग आठवलं आणि पुढे वाचलं. शेवटपर्यंत गेले. परत पहिल्यापासून वाचलं. आणि मला सापडलं.

मला इतका आनंद झाला की मला उभं राहावंसं वाटलं. मी तिला हाक मारली. रिसोडच्या मॅडमही आल्या. मी पानं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "यात माळवं आहे, बाप आहे, बाजार आहे. पुणं कुठे आहे?"

मी म्हटलं, त्यांनी विचारलंय हा अभ्यासक्रम का करायचा. यात तू काय पाहिलंस ते आहे. तुला काय पाहिजे ते एका ओळीतही नाही. वाचणारा म्हणेल, पोरगी छान लिहिते, हिला लेखिका होऊ द्या, आमच्याकडे कशाला? तिथे बसलेला माणूस हिच्या प्रेमात नाही. त्याच्यापुढे असा गठ्ठा असेल आणि तो एक कागद बाजूला टाकायला कारण शोधत असेल. मी जसं शोधलं तसं. शेवटचं वाक्य मी मनात म्हटलं.

माझी अपेक्षा होती की रिसोडच्या मॅडम वाद घालतील. मी त्याच्या तयारीत होते. त्यांनी पानं परत वाचली, डोक्याला हात लावला आणि मोकळेपणाने म्हणाल्या की हे मला दिसलंच नाही, मी तिच्या गोष्टीत वाहून गेले. असं कोणी पटकन मान्य केलं की जिंकल्याचं सुखही धड मिळत नाही.

पण ती माझ्या टेबलापाशी बसली. खुर्ची तिकडून ओढत आणली आणि बसली. पेन तिच्या हातात. मी विचारलं, तुला पुण्याला जायचंय. काहून? ती म्हणाली, शिकायला. शिकायचं काहून? गावासाठी काही करायचं म्हणून. हे वाक्य मोबाइलचं होतं, दोघींनाही कळलं, ती स्वतःच खाली पाहून हसली. परत काहून. परत काहून. ती चिडली, पेन टेबलावर आपटलं. रिसोडच्या मॅडमना पाहवेना, त्या मध्ये पडायला आल्या तर मी हाताने थांबवलं. त्या दुपारी मी खरंच पोलीस होते.

शेवटी तिचा आवाज चढला. "बाबा सकाऊन सांबार घेऊन जाते तवा एक भाव राह्यते, दुपारी दुसराच. त्या मधात कोनी आमाले इचारत नाई. बाबा म्हनते, भाव पडला. कोनी पाडला? आपोआप पडते काय? मले तो भाव कोन ठरवते ते पाहाचं हाये. त्याच्या समोर बसून इचारायचं हाये, काहून म्हनून."

मी फक्त म्हटलं, लिही. तिने लिहिलं. तेच शेवटी ठेवलं आणि तेच पहिल्या ओळीत थोडक्यात आणलं. दुसऱ्या दिवशी निवेदन गेलं.

तिची निवड झाली.

ही बातमी घेऊन ती आली तेव्हा पावसाळा लागून महिना झाला होता. हातात पिशवी. मी लांबूनच पाहिली. भेंडी होती, हिरवीगार, पहिल्या तोडणीची, बोटाएवढी. ती आली, सरळ रिसोडच्या मॅडमपाशी गेली, पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली की बाबांनी वानोळा पाठवलाय, ताई, तुमच्यामुळे झालं. रिसोडच्या मॅडम म्हणत होत्या, अगं, माझ्यामुळे कसलं. मग ती माझ्याकडे आली, खुर्चीत अंग टाकलं, माझा डबा उघडला आणि म्हणाली, "मॅडम, आज लोणचं नाई आनलं काय?"

मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी न मागायची गोष्ट मागितली. म्हटलं, भेंडी छान आहे. मला नाही आणलीस वानोळा?

ती खरंच गोंधळली. पोळीचा घास हातात तसाच. माझी थट्टा आहे की राग, ते तिला कळेना. मग म्हणाली, "तुमाले कायचा वानोळा मॅडम? वानोळा बाहेरच्याले देतेत. घरच्याले कोनी वानोळा देते काय?"

आणि घास तोंडात घातला.

हे ऐकून कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्याही आलं. पण ते वाळतं न वाळतं तोच मी विचार करायला लागले. घरची म्हणजे काय? वांगी-भेंडी पिकवणाऱ्या घरात पहिली तोडणी कोण खातं? चार घरी वानोळा जातो, बाकीचं बाजारात. घरच्यांच्या पानात पडतं ते वाकडं, किडकं, निबर, बाजारातून परत आलेलं. तिची आई कोवळी भेंडी कधी खात असेल? घरचं माणूस म्हणजे ज्याला द्यायचं राहून गेलं तरी चालतं. मला घरची व्हायचं नव्हतं. मला भेंडी पाहिजे होती, आणि ती समोरच्या टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवून पाहिजे होती, त्या नमस्कारासकट. मी तिला म्हटलं, "मग घरचं तरी आण."

दुसऱ्या दिवशी तिने आणलं. जुन्या कॅरिबॅगमध्ये वांगी. एकही सरळ नाही. काहींना भोकं. म्हणाली, "माय म्हने, हे देऊ काय मॅडमले? लाज वाटते. मी म्हनलं, देऊन टाक, त्याच मागून राह्यल्या." आणि पिशवी परत करू नका म्हणाली, फाटकी आहे. घरी मी विळी घेऊन बसले. अर्धी फेकली. उरलेल्यांची भाजी केली. नवरा म्हणाला, वांगी चांगली आहेत. मी त्याला सांगितलं नाही कुठून आली.

ती गेली त्या दिवशी आम्ही दोघीही स्टँडवर गेलो. रिसोडच्या मॅडमनी मला फोन करून विचारलं होतं की एकत्र जायचं का. मी म्हटलं, मी येतेच आहे. अकोल्याची एसटी, तिथून पुढे रेल्वे. तिचा बाप सोबत जाणार होता. तो पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून उभा होता आणि आम्हाला पाहून पेटीवरचा हात काढून नमस्कार करत होता. तिने नवा ड्रेस घातला होता. रिसोडच्या मॅडमना पाहताच ती पुढे आली, वाकून पाया पडली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अगदी पाठ केल्यासारखं बोलली: ताई, तुम्ही बोलतं केलं म्हणून मी लिहू शकले, तुमचे उपकार विसरणार नाही. त्यांनी तिला एक चांगलं पेन दिलं. मीही पेनच आणलं होतं. मी ते पर्समधून काढलंच नाही.

मी बाजूला उभी होते. मला वाटलं, आता माझ्याकडे येईल. माझ्यासाठी काय पाठ केलंय ते ऐकायला मी तयार होते. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी आले होते.

तेवढ्यात गाडी लागली आणि स्टँडवरचे सगळे एकदम धावले. ती वळली, खांद्यावरची सॅक माझ्या एका हातात दिली, डब्याची पिशवी दुसऱ्या हातात अडकवली, वर स्वतःची ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि पेटीचं दुसरं टोक धरायला बापाकडे पळाली. पळता पळता ओरडली, "मॅडम, काय पाहून राह्यल्या? खिडकीतून रुमाल टाका न! दोन जागा धरा, पंख्याकडच्या!"

मी धावले. दोन्ही हात भरलेले, खांद्यावर लसणाच्या पातीचा वास येणारी ओढणी. कशीबशी खिडकीशी पोहोचले आणि माझा रुमाल एका सीटवर आणि तिची ओढणी दुसऱ्या सीटवर फेकली. आत बसलेल्या एका माणसाशी मी चक्क भांडले. ती वर चढली, खिडकीत आली, माझ्या हातातली सॅक ओढून घेतली, डबा ओढून घेतला आणि म्हणाली की तो चार्जर पुढच्या कप्प्यात आहे का बघा, नाही, राहू द्या, सापडला. गाडी हलली. तिने हात हलवला, आम्हा दोघींनाही मिळून.

गाडी वळून गेल्यावरही रिसोडच्या मॅडम रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांचे हात रिकामे होते. मग म्हणाल्या, "तुम्हाला किती हक्काने सांगते ती. मला एक पिशवीसुद्धा धरायला दिली नाही."

म्हणताना त्या हसल्या, पण आवाज मी ओळखला. तो आवाज मी वर्षभर घरी ऐकला होता, माझ्याच तोंडून. मी त्यांना समजावलं नाही. तसं काही नसतं हो, असं म्हणायची जागा होती, ती मी सोडली. आम्ही चालत कॉलेजकडे निघालो. अर्ध्या वाटेत घाम पुसायला मी पर्समध्ये हात घातला, तर त्यात नुसतं पेन होतं. रुमाल अकोल्याला गेला होता.